चौथ्या मजल्यावरचे वादळ



आम्ही भंडारदऱ्याचे. घाटघर-रतनवाडीचा आषाढ ज्याने पाहिला, तो वाऱ्यापावसाला काय भिणार? अशी आमची ऐट होती. ती मुंबईत उतरली. कशी, ते आज सांगतो.

सन 2021. कोरोनाची दुसरी लाट होती. आम्ही उभयता मुलाकडे मुंबईला अडकलो होतो. घर चौथ्या मजल्यावर. 17 मे रोजी सकाळीच इमारतीचा रखवालदार दारी आला. म्हणाला, "गुरुजी, चक्रीवादळ येतंय. खिडक्या लावून घ्या. कुंड्या आत घ्या. पाणी भरून ठेवा."

तोच इशारा आमच्या मोबाईलवरही आला होता. आम्ही तो वाचला आणि हसलो. सिमेंटच्या घराला वारा काय करणार?

चक्रीवादळ म्हणजे काय? समुद्राचे पाणी फार तापले, की वाफ आणि गरम हवा वर चढते. खाली हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते, म्हणून तो सरळ न येता गरगर फिरू लागतो. अमेरिकेकडे यालाच हरिकेन म्हणतात. आमच्या वादळाचे नाव होते तौक्ते.

ते मुंबईवर चढून आलेच नाही. समुद्रातून बाजूने गुजरातकडे गेले. तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटर भरला. सांताक्रुझला एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस पडला, तोही वैशाखात!

आम्हांला राहवेना. बघावे म्हणून खिडकी जराशी सरकवली. वारा आत घुसला. तावदान फुटले, हात कापला. सौ.ने फडके बांधले. तोच वीज गेली. पंप बंद, नळ कोरडे, लिफ्ट बंद.

इतक्यात शेजारची मुलगी दार ठोठावू लागली. तिची आई कोरोनातून नुकतीच उठली होती. विजेच्या यंत्रातून प्राणवायू घेत होती. वीज गेली, यंत्र थांबले. जादा टाकी तळमजल्यावर! वर्षभर आम्ही त्या दारावरून जात होतो, पण घरात कोण आजारी आहे हे कधी विचारले नव्हते. आपल्या गावात असे घडले असते का?

आम्ही अंधारात जिना उतरू लागलो. पाहतो तो काय, रखवालदार टाकी खांद्यावर घेऊन निम्मा जिना चढून आला होता. आम्ही चांगल्या हाताने आधार दिला. टाकी जोडली. हळूहळू आजींचा श्वास लागी लागला.

मागाहून आम्ही त्याला विचारले, "बाबा, तुला हे सुचले कसे?"

तो म्हणाला, "गुरुजी, मी चाळिशीत रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो. निरोप तीनदा वाचला. वीज जाईल असं त्यात होतं. मग आजी आठवल्या."

आम्ही मॅट्रिक. तीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले. पण त्या दिवशी खरे वाचले ते त्याने.

मंडळी, वादळ काही समुद्राकाठीच राहत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ कोकणात शिरले आणि घाट ओलांडून आपल्याकडेही आले. तेव्हा इशारा आला, की हे करा. छपराचे पत्रे घट्ट बांधा. गुरे झाडाखाली बांधू नका. पाणी आणि बॅटरी तयार ठेवा. घर कच्चे असेल तर वेळेवर पक्क्या इमारतीत जा. पडलेल्या तारेला हात लावू नका. आणि शेजारी कोण आजारी, कोण एकटे, ते आधी बघा.

तुम्ही आता वाचू लागला आहात. इशारा आला तर पुरता वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.