वेदारण्यमची वाट आणि आपला स्वातंत्र्यदिन

(स्वातंत्र्यदिनानिमित्त स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वातंत्र्यदिनी आपण मित्रांसमवेत ध्वजवंदनास जातो, मिठाई वाटतो आणि पुन्हा अभ्यासास लागतो. हा आनंद योग्यच आहे. परंतु ज्यांच्यामुळे तो लाभला, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपल्या टिपणांत नसतात. अशाच अनामिकांविषयी आज बोलावयाचे आहे.

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर तिरुक्करुगावूर हे गाव आहे. गर्भरक्षांबिकेच्या मंदिरामुळे ते सर्वदूर परिचित आहे. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा भातशेतीचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे स्थापिलेले भोसले घराण्याचे राज्य १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर संपुष्टात आले. त्यानंतर ७५ वर्षांनी याच जिल्ह्यातून स्वातंत्र्याची एक पदयात्रा गेली.

गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडल्यानंतर, १३ एप्रिल १९३० रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी सुमारे १०० स्वयंसेवकांसह तिरुचिरापल्लीहून निघाले. तंजावर, कुंभकोणम असे टप्पे घेत सुमारे २४० किलोमीटर चालून ते महिनाअखेर समुद्रकाठच्या वेदारण्यम येथे पोहोचले. ३० एप्रिल रोजी मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला व त्यांना अटक झाली.

या यात्रेचे वेगळेपण तिच्या वाटेवर आहे. तंजावरचे तत्कालीन कलेक्टर थॉर्न यांनी यात्रेकरूंना अन्न वा आसरा देणाऱ्यास शिक्षा होईल, असा हुकूम काढला. ज्या समाजात वाटसरूला जेवू घालणे हे पुण्य, तेथे तेच अपराध ठरले. मग गावकऱ्यांनी युक्ती योजली. अन्नाच्या पुरचुंड्या रस्त्याकडेच्या झाडांना बांधून ठेवल्या जाऊ लागल्या. कोणी बांधल्या, हे सरकारला कळेना. यात्रेकरू मात्र उपाशी राहिले नाहीत. कुंभकोणम येथे उघडपणे आतिथ्य करणाऱ्या पंतुलू अय्यर यांना कारावास भोगावा लागला.

सरकारला मूठभर तांदळाची भीती का वाटावी? कारण परकी सत्ता जनतेच्या मुकाट्याने पाळलेल्या आज्ञेवर उभी होती. ती आज्ञा घराघरांतून मोडली जाऊ लागली, की तुरुंग अपुरे पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरोड्याच्या मिठागरांवर आणि चिरनेरच्या जंगलात हाच अनुभव आला. नेत्यांची नावे इतिहासात राहिली; भाकरी देणारे हात विस्मृतीत गेले.

मित्रहो, या हातांचे ऋण कसे फेडावे? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये स्वातंत्र्यलढ्यास स्फूर्ती देणारे उदात्त आदर्श जोपासणे व अनुसरणे हे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य न्यायालयामार्फत थेट बजावून घेता येत नाही. ते स्वेच्छेनेच पाळावयाचे असते. वेदारण्यमच्या वाटेवरील अन्नदानही असेच स्वेच्छेचे होते.

त्याचा मार्गही घटनेतच आहे. ७३ व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान लाभले. महाराष्ट्रात तसेच तमिळनाडूत १५ ऑगस्टला ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. पण ध्वजवंदनाची गर्दी अनेकदा सभेपर्यंत टिकत नाही. ज्या हक्कासाठी लोकांनी शिक्षेची जोखीम पत्करली, तो हक्क रिकाम्या सतरंजीवर पडून राहावा, ही खेदाची बाब आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते, की येत्या स्वातंत्र्यदिनी मिठाई वाटून झाल्यावर मित्रांसह ग्रामसभेस बसा. शहरात असाल तर आपल्या प्रभागाच्या प्रश्नांची विचारणा करा. पिण्याचे पाणी, शाळेचे छप्पर, खर्चाचा हिशेब यांपैकी एका तरी विषयावर प्रश्न विचारा. आज असा प्रश्न विचारणाऱ्यास तुरुंगाचे भय नाही, हेच त्या अनामिकांचे आपणांवरील उपकार. उद्या आपल्यापैकी काहीजण प्रशासनात जातील. तेव्हा कलेक्टरच्या खुर्चीवरून हुकूम काढताना झाडाला बांधलेली ती पुरचुंडी आठवावी, एवढीच अपेक्षा.

जय हिंद!