पान तेच, पण आलात कुठून?

आपली वेबसाइट झटपट उघडते की रडतखडत, हे मालक कसं तपासतो? ऑफिसच्या वायफायवर, रोजच्याच कॉम्प्युटरवर पत्ता टाकतो. निम्मं पान त्या मशीनमध्ये आधीच साठवलेलं असतं, ते लगेच दिसतं आणि स्वारी खूश! पण श्रोतेहो, असे येणारे किती? बाकीचे येतात गूगलवरून, कुणी पाठवलेल्या लिंकवरून, जाहिरातीवरून, नाहीतर 'बॅक' दाबून. पान तेच असलं तरी प्रत्येकाला होणारा उशीर वेगळा.

माणसाच्या मनातलं घड्याळ बोट टेकवल्याक्षणी सुरू होतं. संशोधक रॉबर्ट मिलर यांनी 1968 मध्ये या प्रतीक्षेचा विचार मांडला होता. पुढे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये तिच्या तीन मर्यादा सांगितल्या. 0.1 सेकंदात उत्तर आलं तर ते आपल्याच हाताने घडल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं.

आता आखूड केलेली लिंक घ्या. फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला 100 मिलिसेकंद लागतात असं धरू. नव्या सर्व्हरशी बोलायचं तर आधी त्याचा पत्ता शोधायचा, मग जोडणी करायची, मग एन्क्रिप्शनची बोलणी, आणि शेवटी प्रत्यक्ष मागणी. झाल्या चार फेऱ्या, 400 मिलिसेकंद. एवढं करून तो सर्व्हर म्हणतो, पान इथे नाही, पुढे जा. पुढचा म्हणतो, पत्त्याला आधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून या. पाऊण सेकंद उलटून जातो, पडदा कोराच, आणि ज्या पानाचं अजून एक अक्षरही निघालेलं नाही त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या आतच लिंक उघडली तर आणखी एक गोम असते: अ‍ॅपमधल्या त्या ब्राउझरचा साठा वेगळा. क्रोममध्ये कालच पाहिलेलं पान इथे पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागतं.

'बॅक'ची गंमत उलटी. फायरफॉक्सने 2005 मध्येच अशी सोय केली की, सोडलेलं पान आहे तसं मेमरीत गोठवून ठेवायचं आणि 'बॅक' दाबताच तेच दाखवायचं. क्रोमला तिथे पोहोचायला 2020 उजाडलं, तेही आधी अँड्रॉइडवर; कॉम्प्युटरवर 2021. क्रोमच्याच आकडेवारीनुसार मोबाइलवर पाचातली एक हालचाल मागे-पुढे जाण्याची असते. पण पानाच्या कोडमध्ये कुणीतरी जुन्या सवयीने पान सोडताना चालवायची एखादी सूचना लिहून ठेवलेली असते, आणि तेवढ्यावरून कॉम्प्युटरवरचा क्रोम पान गोठवायला नकार देऊ शकतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र एएमपीचं, म्हणजे मोबाइलसाठी हलकी पानं बनवण्याच्या गूगलच्या पद्धतीचं. 2016 च्या फेब्रुवारीपासून गूगलच्या शोधात या पद्धतीची बातम्यांची पानं दिसू लागली आणि ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडत. पानं हलकी होती, हे खरं. पण वाचक यादी न्याहाळत असतानाच गूगल आपल्या साठ्यातून पान मागच्या मागे मांडून ठेवी. ताट वाढून झालेलंच असे, झाकण तेवढं काढायचं. तेच पान दुसऱ्या लिंकवरून उघडलं की ही जादू ओसरे. श्रेय पानाला मिळालं, कमाई दाराची होती. त्यातही पत्त्याच्या जागी गूगलचं नाव दिसे, म्हणून प्रकाशक कुरकुरत. शोधातल्या ठळक बातम्यांत दिसायला पान एएमपीचंच हवं, ही अट गूगलने 2021 मध्ये काढून टाकली.

आणि जाहिरातीवरून येणारा? गूगल आणि फेसबुक पत्त्याच्या शेपटाला एक लांबलचक सांकेतिक क्रमांक जोडतात, दर क्लिकला निराळा. वाचकाजवळच्या सर्व्हरवर पानाची तयार प्रत असते, पण पत्ता तंतोतंत जुळला तरच ती द्यायची अशी मांडणी असेल, तर शेपूट पाहून त्याला ते नवंच पान वाटतं आणि मागणी थेट मूळ सर्व्हरकडे जाते. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी मालकाने रोख पैसे मोजले, त्याच्याच वाट्याला रखडलेलं पान! शेपटाकडे दुर्लक्ष कर, एवढं त्या सर्व्हरला सांगितलं की भागतं. पण हा घोळ ध्यानात यायचा तर मालकाने स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक करून पाहायला हवं. तिथे तो कचरतो, कारण त्या क्लिकचेही पैसे त्यालाच पडतात.