पडद्यावरचा ठपका

(दादर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा मंचांवर स्वराज्यापासून संतवाङ्मयापर्यंत सगळं बोलून झालं. आज पत्रिकेवर ‘कॉम्प्युटरचा मॉनिटर : बिघाड आणि उपाय’ असं वाचून दोघांनी मला दारातच विचारलं, ही छपाईची चूक तर नाही ना? चूक नाही. मी वक्ता नाही, दुरुस्तीवाला आहे. राहायला गिरगावात, आणि तीसेक वर्षं पोट भरलं ते लॅमिंग्टन रोडवर. त्या रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला तो लॉर्ड लॅमिंग्टन आमच्या धंद्याच्या तोंडून काही उतरत नाही.

एका जूनमधली गोष्ट. बाहेर पाऊस, आणि एक गृहस्थ टॅक्सीतून सतरा इंची जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर घेऊन आले. पंधरा-सोळा किलोचं धूड, वर रेनकोट पांघरलेला. स्वतः मात्र भिजलेले. “डिस्प्ले गेला,” म्हणाले. मी मॉनिटर टेबलावर ठेवला, माझ्या मशीनला जोडला. चित्र लख्ख. गृहस्थ माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच काहीतरी हातचलाखी केली. विचारलं, “घरी बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आवाज करतो का?” म्हणाले, “हो, तीनदा लांब शिट्टी मारतो, पण त्याचं काय?”

त्याचंच तर सगळं होतं. दोष रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मेमरीचा होता; शिट्टी त्याचीच. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर बारीक थर चढतो आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, वीज बंद केली, पट्टी काढली, त्यांच्या मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, दात घासले, कुसपटं झटकली, पट्टी परत बसवली. चित्र आलं. टॅक्सीचं भाडं, भिजणं आणि कंबरेची उसण, सगळं फुकट गेलं.

तीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी मॉनिटरांना काही झालेलंच नव्हतं. दिसतो तो पडदा, म्हणून ठपका पडद्यावर. हनुमान लंकेत निरोप घेऊन गेला तेव्हा दूताला मारायचं नसतं असं बिभीषणाने रावणाला बजावलं. रावणाने ते ऐकलं, आणि मग शेपटीला आग लावली. आपणही तेच करतो. मॉनिटर फेकत नाही, पण डोक्यावर एक चापट ठेवून देतो.

ही चापट आपण शिकलो टीव्हीवर. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे पहिला टीव्ही आला त्यांच्याकडे सगळा मजला जमायचा, आणि चित्र फिरायला लागलं की कोणीतरी काका उठून खोक्यावर थाप मारायचे. गंमत म्हणजे बऱ्याचदा ते चालायचं. आतला एखादा डाग, म्हणजे सोल्डरिंगचा टाका, सुटत आलेला असायचा. हादऱ्याने तो तात्पुरता टेकायचा. आजच्या पातळ पडद्यात दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर आहे. थाप मारलीत तर काच तडकेल, आणि मग मात्र मॉनिटर खरोखर बिघडलेला असेल.

तेव्हा दोष कोणाचा, हे आधी वेगळं करा. संशयित चार : वीज, केबल, कॉम्प्युटर आणि पडदा. पडद्याचा नंबर शेवटचा.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं की लोक घाबरतात. मला ते वाचून बरं वाटतं. ती अक्षरं मॉनिटर स्वतः काढतोय. म्हणजे त्याची वीज ठीक, काच ठीक, मागचा उजेड ठीक. तो फक्त म्हणतोय, की मला कोणी निरोपच दिला नाही. मग केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. मॉनिटरच्या बटणांनी इनपुट कोणतं निवडलंय ते पाहा. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची, असं घरात लहान मूल असलं की हमखास होतं. कॉम्प्युटरला मागे दोन जागा असतील, एक मदरबोर्डवर आणि एक वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर, तर केबल कार्डावरच्या जागेत हवी. साफसफाई करणारी मंडळी दिवाळीत ती नेमकी दुसरीकडे खोचतात.

चित्रावर रेघा आल्या, डाग आले, तर दोन परीक्षा फुकटात होतात. पहिली : मॉनिटरचाच मेनू उघडा, तो ब्राइटनेसवाला. रेघ मेनूच्या चौकटीवरूनही जात असेल तर दोष पडद्यात. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं असेल तर केबलकडे आणि कॉम्प्युटरकडे वळा. दुसरी परीक्षा याहून सोपी. कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट घ्या, तो स्वतःच्या मोबाइलवर पाठवा आणि तिथे उघडा. रेघ मोबाइलवरही दिसली तर ती कॉम्प्युटरने काढलेली आहे. नाही दिसली, तर कॉम्प्युटर बहुधा सुटला. मात्र पडद्याचा मोबाइलने फोटो काढू नका. फोटोत रेघ दिसणारच, ती तर तुम्हाला डोळ्यांनीही दिसतेय. हा फरक मी एका वकिलांना अर्धा तास समजावत होतो.

जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर माझं विशेष प्रेम आहे, कारण ती आजार रंगाने सांगते. पंधरा पिना, तीन ओळींत. वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन म्हणजे तांबडा, हिरवा, निळा. घाईत तिरकी खोचली की एखादी पिन वाकते आणि तो रंग गायब होतो. निळा गेला तर पडदा हळदीसारखा पिवळा. तांबडा गेला तर मोरपिशी. हिरवा गेला तर सगळं राणी कलरचं. प्रकाशाचा हिशेब रंगपेटीपेक्षा वेगळा असतो. इथे तांबड्यात हिरवा मिसळला की पिवळा होतो. परळला एका गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसातून मला फोन आला होता, “सगळं पिवळं दिसतंय, नवा मॉनिटर लागेल का?” फोनवरच सांगितलं, निळ्याची पिन बघा. पिन वाकलेली निघाली. अशी पिन सुईच्या टोकाने हळू सरळ करता येते; दोन-तीनदा वाकवली तर तुटते. आणि एक : बऱ्याच केबलींत मधल्या ओळीतली नववी पिन मुळातच नसते. ती ‘तुटली’ म्हणून माझ्याशी भांडायला आलेली माणसं आहेत.

आता पडदा पूर्ण काळा, पण दिवा लागलेला. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरा. त्या उजेडात चिन्हं, अक्षरं पुसट दिसली तर चित्र येतंय, मागचा उजेड गेलाय. मुलांना ही युक्ती दाखवली तर ती टाळ्या वाजवतात. जुन्या पातळ मॉनिटरांत उजेडासाठी बारीक ट्यूब आणि तिला उच्च दाब देणारा इन्व्हर्टर असे. पुढे एलईडीच्या पट्ट्या आल्या. दोन्ही बदलता येतात, पण ते काम घरी करायचं नाही.

दिवाच लागत नसेल, किंवा लुकलुकत असेल, किंवा मॉनिटर बटण दाबल्यावर दहा मिनिटांनी, गरम झाल्यासारखा, सुरू होत असेल, तर बहुधा सप्लायमधले कपॅसिटर फुगलेत. डोक्यावर टेंगूळ आलेला छोटा डबा, कधी तपकिरी चीक सुटलेला. भाग स्वस्त, मजुरी जास्त. पण तिथवर जाण्याआधी पिन ज्या बोर्डात खोचलीय तो बघा. जुन्या चाळींतलं वायरिंग, दोन पिनांचा सॉकेट, त्याला तीन पिनांचं टोक बसावं म्हणून अर्थिंगची पिन पकडीने मोडलेली, आणि त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री. मॉनिटरच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याला आमच्याकडे ‘थोडा करंट आहे’ म्हणतात, जणू वरणात मीठ थोडं जास्त आहे. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली ते आठवत असेल. करोनामुळे बरंच शहर घरून काम करत होतं. वीज अशी गेली की मॉनिटरचा बोर्डावरचा स्विच बंद करून ठेवा, आणि ती येऊन पाच मिनिटं टिकली की मग लावा.

लालबागचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गणेशोत्सवाआधी एका मंडळाचे कार्यकर्ते आले. वर्गणीच्या पावत्या कॉम्प्युटरवर सुरू केल्या होत्या, मॉनिटर नळीचा. तक्रार अशी, की दरवर्षी गणपती आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग येतो आणि लवकर जात नाही. कोणी म्हणालं दृष्ट लागली. मी जाऊन पाहिलं तर ऑफिसची भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, आणि पलीकडे त्याला टेकून स्पीकरची रास. स्पीकरमध्ये मोठं लोहचुंबक असतं. नळीच्या आत पडद्यामागे भोकाभोकांचा धातूचा पातळ पत्रा असतो, त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत नेमक्या रंगाच्या ठिपक्यावर पडायचा असतो. पत्र्यात चुंबकत्व शिरलं की झोत शेजारच्या ठिपक्यावर घसरतो. मेनूत हे चुंबकत्व उतरवणारं डीगॉस नावाचं एक कलम होतं, कोणीच कधी उघडलं नव्हतं. स्पीकर हलवायला लावले आणि ते दाबलं. ठुम्म असा आवाज, चित्र थरथरलं, डाग गेला. कार्यकर्त्यांनी तिथल्या तिथे ‘मोरया’ केलं. मजुरीऐवजी मला दोन नारळ मिळाले.

या नळीच्या मॉनिटरांबद्दल एक ताकीद. माळ्यावर पडलेला असेल तर उघडू नका. नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

गिरगाव म्हणजे छापखाने. निर्णयसागर १८६९ चा, खटाववाडीत मौज. पुढे खिळे गेले, डीटीपी आलं, आणि माझ्याकडे एक नवाच रोग यायला लागला : रंग जुळत नाही. एका गल्लीतल्या लग्नपत्रिकावाल्यांकडे मुलीचे वडील येऊन तावातावाने बोलत होते. पडद्यावर पाहिलेला लाल कुंकवासारखा, छापून आला तो विटेसारखा. मॉनिटर बिघडला म्हणून मला बोलावलं. मॉनिटर ठणठणीत होता. पण ब्राइटनेस शंभरावर, रंगतापमान ९३०० केल्विनवर, म्हणजे पांढरा निळसर. आणि खिडकीतलं ऊन थेट पडद्यावर, म्हणून ऑपरेटर डोळे बारीक करून सगळं आणखी उजळ करत होता. मी ६५०० केल्विन केलं, ब्राइटनेस उतरवला, टेबल फिरवलं, आणि पडद्याशेजारी कोरा आर्ट पेपर धरून म्हटलं, दोन्हींचा पांढरा साधारण सारखा दिसेपर्यंत खाली आणा. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, हे मळकं दिसतं.” दिसणारच. पडदा स्वतः पेटलेला असतो. कागदावर पडतो तो उसना उजेड. त्यातून पडदा तांबडा-हिरवा-निळा मिसळतो आणि छपाई सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या शाया. पडद्यावरचा तो चकाकता पोपटी आणि गडद निळा चार शायांतून निघतच नाही, कितीही महागडा मॉनिटर आणा. गिऱ्हाइकाला पडदा दाखवूच नये, छापलेला नमुना दाखवावा, असं माझं मत आहे. छापखानेवाल्यांना ते पटत नाही, कारण नमुन्याला पैसे पडतात.

पावसाळ्यापुरतं थोडं. गणपतीत सगळं घर कोकणात जातं, पंधरा दिवसांनी परत आल्यावर मॉनिटर लागत नाही. आत दमटपणा साचलेला असतो; पंखा लावून खोली कोरडी करा, मगच प्लग खोचा. एसीतून आणलेला मॉनिटर बाहेरच्या दमट हवेत लगेच सुरू करू नका, आत दंव धरतं. पुसायला काचेचा स्प्रे नको, त्याने वरचा थर जातो; मऊ जुनं धुतलेलं कापड किंचित ओलं करून, मॉनिटर बंद असताना.

श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्यात, दोन घेतो. “पडद्यावर एकच ठिपका कायम काळा आहे, दुरुस्त होईल का?” फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. एक मेला तर तो मेला. कायम लाल किंवा हिरवा पेटलेला असेल तर तो अडकलेला असतो, कधीकधी आपोआप सुटतो. बोटाने दाबून बघू नका, शेजारचे दहा जातील.

दुसरी चिठ्ठी, बाईंचं अक्षर सुंदर आहे. “मॉनिटरच्या आत एक बारीक किडा चालतो आहे. काय करू?” बाई, काहीच करू नका. मुख्य म्हणजे बोट ठेवू नका. पावसाळ्यात मिलिमीटरभराचे किडे उजेडाच्या ओढीने फटीतून काचेमागे शिरतात. दाबलात तर तो तिथेच चिरडेल आणि चारचौघांना दाखवावा लागेल असा कायमचा डाग होईल. रात्री मॉनिटर बंद करा, खोलीतले दिवे बंद करा, आणि मॉनिटरच्या कडेला टेबलावर एक छोटा दिवा लावून झोपा. जिवंत असेल तर बहुधा सकाळपर्यंत दिव्याकडे गेलेला असेल.