महामारी, श्रद्धा आणि आशा



कॅथलिक पंथाच्या श्रद्धेशी आपणां सर्वांचा संबंध तो काय, अशी शंका आजचा विषय वाचून काहींच्या मनात आली असेल. संबंध असा, की संकट सर्वांवर एकदमच आले. २०२० साली आषाढीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपूरला न्याव्या लागल्या. आणि त्याच वर्षी १२ एप्रिलला, येशूच्या पुनरुत्थानाचा ईस्टर सण, चर्चचे दरवाजे बंद असल्यामुळे, कॅथलिकांना घरी बसून पाळावा लागला. नित्याचा आचार तुटला म्हणजे श्रद्धेत काय शिल्लक राहते, हा प्रश्न दोघांपुढेही उभा राहिला. एका पंथाने त्याचे उत्तर कसे शोधले हे पाहणे, म्हणूनच, इतरांनाही निरुपयोगी नाही.

२७ मार्च २०२०. रोमला पाऊस पडत होता. एरवी हजारोंनी गजबजणाऱ्या सेंट पीटरच्या चौकात त्र्याऐंशी वर्षांचे पोप फ्रान्सिस जवळजवळ एकटेच चालत आले. तेथे एक जुनी लाकडी क्रूसमूर्ती मुद्दाम आणून ठेवली होती. १५२२ साली रोममध्ये प्लेग पसरला, तेव्हा हीच मूर्ती लोकांनी शहराच्या रस्त्यांतून फिरवली होती. या दोन प्रसंगांतील अंतर मला महत्त्वाचे वाटते. १५२२ मध्ये मूर्तीमागे गर्दी होती. रोग कसा पसरतो हे त्या भाविकांना ठाऊक नव्हते. २०२० मध्ये ते ठाऊक होते, म्हणून चौक रिकामा ठेवला गेला. मूर्ती तीच, श्रद्धा तीच; पण शेजाऱ्यावरील प्रेम एकत्र जमून व्यक्त करायचे, की दूर राहून, याचा निर्णय ज्ञानाने केला. श्रद्धेने ज्ञानाचे ऐकले म्हणून ती उणावली, असे कोण म्हणेल?

याची पूर्वपीठिका कॅथलिकांच्या इतिहासातच आहे. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला, तेव्हा तेथील आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे मिरवणुकाही काढल्या. परंतु लोकांना घराबाहेर पडण्याची बंदी झाली, तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, आणि माणसे आपापल्या खिडक्यांतून मिस्सा पाहू लागली. गरिबांच्या अंगावर वस्त्र नाही असे दिसल्यावर आपल्या निवासातील पडदेसुद्धा त्यांनी त्यांच्या कपड्यांसाठी दिले. पूजेची जागा बदलली. सेवा मात्र थांबली नाही.

इतके दूर तरी कशाला जा? १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग सुरू झाला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून हिंडताना आजही रस्त्याकडेला जे दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येक त्या साथीच्या दिवसांत उभारलेले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, की येथे माणसे भ्याली होती, आणि त्या भयातही त्यांनी प्रार्थना सोडली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आशा आणि आशावाद यांत आपण नेहमी गल्लत करतो. सारे काही आपोआप ठीक होईल, असे मानणे हा आशावाद. प्रेतांच्या रांगा लागल्या की तो कोलमडतो. आणि २०२१च्या उन्हाळ्यात आपण तो कोलमडताना पाहिला. ख्रिस्ती आशेचे बीज वेगळ्या ठिकाणी आहे. शुभवर्तमानातील कथा आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. येशू पुन्हा उठला, यावर थॉमस या शिष्याचा विश्वास बसेना; तेव्हा येशूने त्याला आपल्या हातांवरील खिळ्यांचे व्रण दाखविले. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की पुनरुत्थान झालेल्या देहावरही व्रण तसेच राहिले होते. नवे जीवन जुन्या जखमा पुसून येत नाही, त्यांना बरोबर घेऊन येते.

आपण मात्र काय केले? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोवर जगभर नोंदलेले मृत्यूच सुमारे सत्तर लाख होते. त्यांतील कितीतरी माणसे हात हातात धरणारे कोणी जवळ नसताना गेली. कॅथलिकांच्या घरी मरणाऱ्याला धर्मगुरूकडून अंतिम तैलाभ्यंग मिळावा ही मोठी तळमळ असते. तोही अनेकांना मिळाला नाही. सर्वत्र घाई मात्र झाली, ती सारे पूर्ववत करण्याची. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी याच धोक्याची सूचना दिली होती. साथ ओसरल्यावर माणसे अधिकच उपभोगाकडे आणि स्वतःपुरते पाहण्याकडे वळली, तर तो सर्वांत वाईट परिणाम ठरेल, असा त्याचा आशय होता. पुढे लशी आल्या, तेव्हा श्रीमंत राष्ट्रांनी आपापली सोय आधी लावली, गरीब राष्ट्रांना वाट पाहावी लागली. सूचना व्यर्थ नव्हती, हे यावरून दिसते.

२०२५ हे कॅथलिकांचे ज्युबिली वर्ष होते, आणि त्याचे बोधवाक्य ‘आशेचे यात्रेकरू’ असे होते. महामारीने खचलेल्या मनांना उभारी यावी, हा त्यामागचा एक हेतू होता. ज्यांनी ते वर्ष आरंभिले ते पोप फ्रान्सिस ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. ६ जानेवारी २०२६ रोजी त्याची सांगता पोप लिओ चौदावे यांनी केली. यात्रा एकाने सुरू करावी आणि दुसऱ्याने पुढे न्यावी, हे वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

नवजीवनाची कसोटी, माझ्या मते, मंदिरे आणि चर्च पुन्हा भरली की नाही ही नाही. त्या दिवसांत ज्यांच्यावाचून आपले अडले, त्या परिचारिका, सफाई कामगार, दुकानातील नोकर, गाडी हाकणारे, यांना आज आपण कसे वागवतो, ही ती कसोटी आहे. रिकाम्या चौकात पोपसाहेबांनी त्यांचीच आठवण केली होती. त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या दाराशी आले, तर थॉमसप्रमाणे आपल्याला त्यांचे व्रण दिसावेत. दिसले, तर आशेला जागा आहे असे समजावे.