वळिवड्याची मुलं आणि हरवलेले आईबाप

कोल्हापूरजवळ आज जिथे गांधीनगर वसलं आहे, त्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीनं १९४० पासून पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. भूक आणि रोगराईनं कित्येकांचे आईबाप गेले. जामनगरजवळच्या बालाचडीतली अनाथ मुलंही १९४६ मध्ये इथंच आली.

अशा पोरक्या मुलाच्या नातवंडांनी मूळ शोधायचं कसं? पहिल्यांदा घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. गावाचं अर्धवट नाव, नदी, बापाचा धंदा, सगळं लिहून ठेवा. ऐकीव गोष्ट बदलत येते, तरी तिच्यात माग असतो.

मग डीएनए. पूर्वजाचा वाटा दर पिढीला साधारण निम्मा होतो. चुलत किंवा मावस भावंडांत सुमारे साडेबारा टक्के डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांमध्ये जेमतेम तीन टक्के. म्हणून नातवाची नव्हे, आजोबांचीच तपासणी करावी, ते हयात असतानाच. त्यांच्या आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्यांच्या मुलांत उतरतच नाही. वाय गुणसूत्र मात्र मुलाकडून त्याच्या मुलाकडे जातं.

तपासणीतून आईबापांचं नाव थेट मिळत नाही, जुळणारे नातेवाईक मिळतात. त्यांच्या वंशावळी आणि गावच्या चर्चमधल्या जन्मनोंदी ताडून पाहाव्या लागतात.