‘जात’ शब्दाची दोन कुळे



धाकटी पंढरी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या नारायणगडावर आपण ज्ञातीच्या नावाने जमलो आहोत. निमंत्रणपत्रिकेत “प्रत्येकाने जातीने उपस्थित राहावे” असे वाक्य होते. एका तरुण बंधूने आम्हांस विचारले, “जातीने म्हणजे सगळ्या जातीने का?” प्रश्न वेडगळ नाही, त्याचे उत्तर देण्यासच आम्ही उभे आहोत.

ज्ञातिवाचक ‘जात’ ही संस्कृत ‘जाति’. मूळ धातू जन्, म्हणजे जन्मणे. ‘जाति’ हे संस्कृतात एका फुलाचेही नाव होते. आपली जाई ती हीच, आणि जायफळ म्हणजे जातिफल. दळावयाचे जाते मात्र या घरचे नव्हे. ते ‘यंत्र’ शब्दापासून आले.

‘जातीने’ यातील जात परमुलखातून आलेली आहे. अरबीत तिचा अर्थ वस्तूचे सत्त्व, प्रत्यक्ष तो मनुष्य. फारसीच्या हाताला धरून ती दख्खनेत उतरली. मोगलांच्या मनसबीत ‘जात’ व ‘सवार’ असे दोन अंक असत. सवार म्हणजे पदरी बाळगावयाचे घोडदळ. जात म्हणजे त्या सरदाराचा स्वतःचा दर्जा व वेतन. कोर्टातील जातमुचलका याच कुळातला. तेथे जात कोणी विचारीत नाही, माणूस स्वतः जबाबदारी लिहून देतो. उर्दूने आणखी घोटाळा केला: ‘जातपात’ हा इकडचा शब्दही तिने अरबी जातीच्याच अक्षरांनी लिहिला!

हा केवळ पंडिती विनोद नव्हे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता व सरकारी दफ्तराची भाषा उर्दू होती. हैदराबाद गॅझेटियरविषयीच्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयानंतर घरोघरीच्या पेट्यांतून जुने कागद बाहेर निघत आहेत. त्यांत ‘जाती’ हे अक्षर दिसताच आपली जात सापडली असे मानून कोणी हर्षून जाऊ नये. उर्दूत ‘जाती’ म्हणजे स्वतःचा, खासगी. ‘जद्दी जायदाद’ ती वाडवडिलांची. ‘जाती जायदाद’ ती स्वतः संपादन केलेली. वाटणीच्या वेळी या दोहोंत भावाभावांच्या हिश्शाचे अंतर पडते. तेव्हा एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारू नये. जाणत्याकडून सबंध ओळ, तिच्या मागची व पुढचीही, वाचून घ्यावी.