सापळ्यातला पतंग नेमका कोणाचा?

मानोऱ्याच्या कास्तकाराला पतंग दोन ठिकाणी भेटतो. कपाशीतल्या कामगंध सापळ्यातला तो मोजतो, अंगणातल्या दिव्याखालचा खराट्याने लोटतो.

मोजायला कारणही तसेच आहे. सलग तीन रात्री दर सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ-आठ पतंग आले, की उपाय करण्याची वेळ झाली, असे समजतात. सापळ्यातला ल्यूर मादीच्या वासाने फक्त नराला भुलवतो, तोही त्याच जातीच्या. ल्यूर भलत्या किडीचा लावला, तर मोजणीही भलत्याचीच होते.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीने उच्छाद मांडला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा प्रकल्प सुरू झाला: शिवारातल्या किडींच्या नोंदी संगणकावर चढवायच्या आणि त्यावरून गावोगाव सल्ला द्यायचा. पण या सगळ्याचा पाया म्हणजे शिवारात उभ्या असलेल्या माणसाने कीड बरोबर ओळखणे.

२०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली. ती सोयाबीनवरच्या त्या अळीची सख्खी भाऊबंद. डोक्यावर इंग्रजी 'वाय' उलटा आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची खूण. फोटोत डोके आणि शेपटी आली नाही, तर ही खूण हुकते.

आता मदतीला ऑनलाइन साधने भरपूर आहेत. अमेरिकेत २००८ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेल्या 'आयनॅचरलिस्ट'वर फोटो टाकला, की नाव सुचवले जाते आणि जगभरचे जाणकार ते तपासतात. 'मॉथ्स ऑफ इंडिया'वर खास भारतातले पतंग आहेत. कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनचे इथल्या पतंगांवरचे १८९२ ते १८९६ मधले चार इंग्रजी खंडसुद्धा 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त फुकट वाचता येतात, मात्र ते चाळायला चिकाटी हवी.

फोनने सुचवलेले पहिले नाव म्हणजे निकाल नव्हे. यंत्र जुन्या फोटोंशी साम्य शोधते. ज्या भागातले फोटो कमी, तिथे ते हमखास अडखळते आणि कधी भारतात नसलेल्या पतंगाचेही नाव देते. म्हणून ठिकाण, महिना आणि अळी कोणत्या झाडावर होती, हे लिहायलाच हवे. जातीपर्यंत पोहोचता येत नसेल, तर कुळापाशी थांबण्यात कमीपणा नाही.

तिळावरची शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी पाहून भलेभले दचकतात. तिचा पतंग तर पाठीवर कवटीसारखी खूण मिरवतो, पोळ्यात शिरून मध चोरतो आणि पकडला की चिरकतो! अळीच्या फोटोत झाडाचे पान आले, तर तिची ओळख निम्मी झालीच.

जुलैच्या अखेरीस जगभर पतंग सप्ताह पाळतात. तो २०१२ पासून सुरू आहे. मानोऱ्याच्या श्रोत्यांनी यंदा त्या आठवड्यात एखाद्या रात्री दिव्यामागे पांढरी चादर टांगावी आणि जे येईल त्याचे वरून व बाजूने फोटो घेऊन ठिकाणासह नोंदवावेत. पिकावर अळी दिसली, तर तिचे डोके, शेपटी आणि पान यांचे फोटो तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवावेत, आणि मगच फवारणीचा पंप भरावा.